तिकडची खबर

ही गोष्ट उडत उडत कानावर आलेली नाही. जिच्यासोबत घडली ती शिला माझी मैत्रीण आहे. सांगताना तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

गाव डोंगरकडा. मागचा डिसेंबर. सुरुवात झाली ती भर संध्याकाळी, पन्नासेक माणसांसमोर.

शिला हिंगोलीत कॉलेजात इतिहास शिकवते. तिचे वडील तातेराव. गावात कुणाकडंही मयत झालं की एकतारी घेऊन जायचे आणि गायचे. घर बुद्धाच्या वाटेनं चालणारं. आत्मा, परलोक त्यांनी कधी मानला नाही.

शिलानं त्यांना एकदा इजिप्तच्या थडग्यांबद्दल सांगितलं होतं. तिथं भिंतीवर वीणा घेतलेला गायक कोरलेला असतो. तो मेलेल्यासाठी गातो. आणि काही गाण्यांत चक्क म्हणतो, की तिकडं काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही, हाती आहे तो दिवस आनंदात घालवा.

तातेराव खूश झाले. "म्हणजे इतक्या वर्षांमागं कुणीतरी माझ्यासारखंच बोलून राहिलं व्हतं."

शिलाची आई, चतुराबाई, ज्वारी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मंग मढ्याजवळ भाकर काहून ठिवायचे ते?"

तातेराव हसून एकतारी जुळवायला लागले.

थडग्यातल्या त्या गाण्यावरून त्यांनी स्वतःचं गाणं बांधलं. शिलानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. त्यात एक ओळ होती, 'तिकडची खबर घिऊन कुणी आलं न्हाई.'

नोव्हेंबरात तातेराव गेले.

डिसेंबरात पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीच्या, कार्यक्रमाला त्यांचा गाण्यातला जोडीदार भिवाजी यानं तेच गाणं धरलं. ती ओळ आली...

आणि आवाज गेला.

ओठ हलत होते. एकतारी वाजत होती. पुढची ओळ मात्र खणखणीत निघाली.

गळा दाटला असेल, असं सगळ्यांना वाटलं. भिवाजीनं शिलाला बाजूला घेतलं. "पोरी, म्या म्हणली ती ओळ. पर मलाच ऐकू आली न्हाई."

चार दिवसांनी शिला आईला हिंगोलीला न्यायला आली. पिशव्या बांधून झाल्या. जीपला वेळ होता.

"एकदा त्यांचा आवाज ऐकव," आई म्हणाली.

शिलानं मोबाइल लावला. बाबा गात होते. ती ओळ आली...

नुसती एकतारी.

शिलानं मागं नेऊन परत लावलं. परत तेच. शब्दांच्या जागी फक्त बाबांचा श्वास... लांब, अडकलेला.

तीच ओळ तिनं याआधी याच मोबाइलवर कितीदा तरी ऐकली होती.

आई पिशवीची गाठ सोडायला लागली. "त्यांना आता म्हणवत न्हाई ती ओळ. मी न्हाई येत. ते आले अन् दार बंद दिसलं तर?"

"माय, बाबाच म्हणायचे ना, तिकडून कुणी..."

 पुढचे शब्द तिनं उच्चारले. जीभ हलली, दातांना लागली. आवाज आला नाही.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. शिला एकटीच गेली.

मागच्या महिन्यात ती दुपारी गावी आली. आई ओसरीवर जेवत होती. समोर कुणीही नव्हतं, तरी तिथं अर्धी भाकर आणि पाण्याचा तांब्या ठेवलेला.

शिलानं चप्पल काढली. हळूच विचारलं, "बाबा येतात व्हय?"

"येतात."

"मग विचारलं का त्यांना... तिकडं कसं हाय?"

आईनं तांब्या जरा पुढं सरकवला.

"इचारलं एकदा."

"काय म्हणले?"

"काहीच न्हाई. नुसते रडत बसले."

शिला अजूनही दर रविवारी गावी जाते. दाराशी आली की आधी आईला हाक मारत नाही. थोडा वेळ उभी राहते... आतून रडण्याचा आवाज येतो का, ते ऐकते.