यान्खोची आई ना तुम्ही?

इस्पितळातल्या औषध विभागाबाहेरच्या व्हरांड्यात मदालो न्खोमा डोळे पुसत शिरली आणि तिचा पाय थेट कुणाच्या तरी खेळावर पडला. लाकडी पाट उलटला, बिया चौफेर उडाल्या. पाटाशी बसलेला तरुण शांतपणे म्हणाला, "सिस्टर, एका लाथेत आठ पेशंट मारलेत तुम्ही."

एरवी मदालो हसली असती. पण पाचच मिनिटांपूर्वी ती नर्सिंगच्या परीक्षेत, औषध देण्याच्या प्रात्यक्षिकात नापास झाली होती. तिला रडूच फुटलं. बाहेर झोंबाच्या डोंगरावरून जूनची चिपेरोनी उतरली होती — चार-चार दिवस न हटणारी थंड, चिवट झिमझिम — त्यामुळे पळून जायचीही सोय नव्हती.

"अहो... गंमत केली," तो गडबडला आणि त्याने खिशातला रुमाल पुढे केला. रुमालाला खोकल्याच्या औषधाचा वास येत होता.

तो लुसुंगू म्हांगो. उत्तरेकडचा, औषध विभागात नवाच लागलेला. त्याने खोदून खोदून विचारलं तेव्हा मदालोने सांगून टाकलं. वॉर्डात एका खाटेपाशी जाऊन तिने विचारलं होतं, "यान्खोची आई ना तुम्ही?" बाई "होय" म्हणाली. रक्तदाबाची गोळी तिच्या तळहातावर पडणार, इतक्यात परीक्षक कलुवा मॅडमनी मदालोचं मनगट धरलं. वॉर्डात यान्खोच्या आया दोन होत्या, आणि गोळी दुसरीची होती.

"आता तीन आठवड्यांनी एकच संधी. हुकली की अख्खं वर्ष पुन्हा," ती नाक ओढत म्हणाली. "पण मी करणार काय होते? आईच्या वयाच्या बाईला सरळ नावाने हाक मारू? माझ्या आईने कानाखाली काढली असती!"

"माझ्याही. म्हणून तर हे बनवलंय." तो बिया गोळा करू लागला. "बसा."

खळग्यांत बिया टाकायचा बावो हा खेळ मदालो लहानपणापासून खेळत आली होती, पण हा पाट निराळा होता. चार रांगा म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. रांगेतले आठ खळगे म्हणजे आठ खाटा. निरनिराळ्या बिया म्हणजे निरनिराळ्या गोळ्या. बी टाकण्याआधी पेशंट कोण, औषध कोणतं, किती, कसं आणि केव्हा, हे पाचही बोलून दाखवायचं. समोरचा भिडू पेशंट व्हायचा. चुकलं की रांगेतल्या सगळ्या बिया त्याच्या.

लुसुंगूने डोक्याला फडकं गुंडाळलं आणि तो कण्हायला लागला.

"तुम्ही यान्खोची आई?"

"होय, सिस्टर."

"ताप आहे?"

"होय, सिस्टर."

"तुम्ही माणूस की माकड?"

"होय, सिस्टर."

"हे काय! असं कुठे असतं?"

"असंच असतं," बिया आपल्याकडे ओढत तो म्हणाला. "सिस्टरला नाही कसं म्हणायचं, म्हणून लोक होय म्हणतात. ज्याला नुसतं होय म्हणता येईल असा प्रश्न विचारायचाच नाही. नाव त्यांच्या तोंडून यायला हवं."

त्या दिवशी मदालो चार डाव हरली. दुसऱ्या दिवशी तीन. मग ती रोज संध्याकाळी येऊ लागली, कागदात गरम मांडाझी, म्हणजे तळलेले गोड वडे घेऊन. खळग्यात बी टाकताना कधी बोटांना बोटं लागायची... दोघंही पाटाकडे बघत राहायची. तिसऱ्या आठवड्यात ती सलग जिंकायला लागली.

"मुद्दाम हरताय ना, म्हांगो?"

"छे. पेशंट बरा व्हायला लागलाय. पण पूर्ण बरा झाला की... सिस्टर परत त्याच्या खाटेकडे फिरकते का?"

परीक्षा लवकर व्हावी असं मदालोला वाटत होतं, आणि होऊच नये असंही.

परीक्षेच्या दिवशी तिने खाटेवरचा तक्ता वाचला. एनिफा जाली, मधुमेहाची गोळी. खाटेवर एक म्हातारी बसली होती. मदालो गुडघे टेकून खाली बसली.

"आई, राग मानू नका. तुमचं पूर्ण नाव तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"यान्खोची आई म्हण की! सगळे तेच म्हणतात."

शेजारची बाई खिदळली. मदालोचे कान तापले. मागे कलुवा मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. यान्खो नावाला त्या भागात तोटा नाही, हे तिला आता चांगलंच ठाऊक होतं.

"यान्खोच्या आया पुष्कळ असतील. गोळी मात्र एकीचीच आहे. सांगा ना, आई."

म्हातारीने तोंड वाकडं केलं. "लुसी मालेम्या. झालं समाधान?"

मदालोने गोळी मागे घेतली. सकाळी छत गळायला लागलं म्हणून दोघी बायकांनी आपापसात खाटा बदलल्या होत्या. तक्ते मात्र जागच्या जागी राहिले होते. खिदळणारी बाईच एनिफा जाली निघाली. कलुवा मॅडमनी वहीत खूण केली आणि त्या पुढे गेल्या.

मदालो भिजत व्हरांड्यात पोहोचली. "अहो म्हांगो, पास!"

तो हसला, बिया या हातातून त्या हातात घेत राहिला आणि अचानक म्हणाला, "शनिवारी... डोंगरावर... येशील माझ्याबरोबर?"

तिला 'याल' नव्हे, 'येशील' ऐकू आलं. ती पाटाशी ऐटीत बसली. "नापास. असा प्रश्न विचारायचाच नाही. याला कुणीही होय म्हणेल."

लुसुंगूने घसा साफ केला. "मग... शनिवारी तुला कुणाबरोबर जायचंय? पूर्ण नाव सांग."

"लुसुंगू म्हांगो," तिने एक बी खळग्यात टाकली. "औषध विभाग. रुमालाला खोकल्याच्या औषधाचा वास."

"किती वेळा?"

"दर शनिवारी."

"आणि... किती दिवस?"

मदालो लाजली. "ते माझ्या आईला येऊन विचार. पण तिला नावाने हाक मारलीस तर कानाखाली बसेल. मदालोची आई म्हणायचं."

"म्हणेन. पण पूर्ण नाव आधी लिहून दे. चुकीच्या घरी जाऊन बसायला नको."

तिने त्याच्या खिशातली औषधाची कोरी चिठ्ठी ओढून घेतली आणि आईचं पूर्ण नाव, गाव आणि घराची खूण नीट लिहून दिली.