भिंतीतलं इंजिन

पप्पांनी लांब स्क्रूड्रायव्हर आधी फ्रिजला लावला. टोक फ्रिजच्या पाठीवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. "कॉम्प्रेसर ठीक आहे," ते म्हणाले. मग तेवढ्याच गांभीर्याने त्यांनी तो समोरच्या भिंतीला टेकवला, तेव्हा आईनं माझ्याकडे पाहिलं.

पप्पा म्हणजे कचरू ओव्हाळ, खडकीच्या कारखान्यात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर. इतरांचे वडील मुलांना गोष्टी सांगत. आमचे पप्पा मला आणि धाकट्या चेतनला असाच स्क्रूड्रायव्हर कानाला लावून स्कूटरचं इंजिन ऐकायला लावत. चेतनला कान होता. मला नव्हता, म्हणून मी हिंजवडीला सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायला गेले. त्याला नुसता संशयी स्वभाव लागतो, आणि पुण्यात त्याची काही टंचाई नाही.

चेतन एका छोट्या हेलिकॉप्टर कंपनीत मेकॅनिक झाला. दिवसच तसे होते. जमिनींना भाव आलेला, बिल्डर गिऱ्हाइकांना वरून प्लॉट दाखवत, नवरदेव आभाळातून मांडवात उतरत. हेलिकॉप्टर एकच, चार जणांचं, आणि त्याला उसंत नाही. इंजिन उतरवून उघडायची वेळ कधीच टळून गेली होती. चेतन मालकाला पुन्हा पुन्हा सांगायचा. "सीझन संपू दे," मालक म्हणायचा. शेवटी वैमानिक एकटा उडायला कचरायला लागला, तेव्हा मीटरच्या काट्यांवर नजर ठेवायला चेतन शेजारी बसला. कात्रजच्या डोंगरावर इंजिन हवेतच बंद पडलं. वैमानिक वाचला, चेतन गेला.

'मेकॅनिकचा हलगर्जीपणा' असं पेपरात छापून आलं. कंपनीनंच देखभाल टाळली होती हे पुढे चौकशीत निघालं, पण ते आतल्या पानावर, कोपऱ्यात. पप्पांनी दोन्ही वाचलं. त्यानंतर चेतनचं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही.

आणि आता ते भिंत ऐकत होते. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटची, चौथ्या मजल्यावरची, बाहेरच्या बाजूची भिंत. पलीकडे नुसती हवा.

"पाण्याचा पंप असेल," मी म्हणाले.

"पंपाला टॅपेट नसतात, अशी टकटक करायला. ऐक."

मी मूठ कानाला लावली. लांब कुठेतरी इंजिन चालू होतं. मधूनच अडखळत होतं, आणि त्यामागे बारीक, कोरडी टकटक. स्क्रूड्रायव्हर काढला की काही नाही, फक्त शेजारच्यांची मालिका.

मी घरची वीज बंद करून पाहिली. सेक्रेटरींना विनवून पंप आणि लिफ्ट थांबवली. "भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं," ते म्हणाले, "तुमच्या भिंतीला तोंडही आहे म्हणायचं." सगळं बंद असतानाही इंजिन चालूच होतं.

हळूहळू आवाज सुधारू लागला. संध्याकाळची वंदना झाली की पप्पा खुर्ची भिंतीशी ओढत. "टकटक गेली," एकदा म्हणाले. पुढे काही दिवसांनी, "अडखळणं काढलंय. घाई नाही केलेली. हात ओळखू येतो."

"कुणाचा?" मी विचारलं.

"ज्याचा आहे त्याचा."

आई त्यांच्या पायाशी बसून असायची. "दुरुस्त झालं की येईल ना हो तो?"

पप्पा स्क्रूड्रायव्हर थोडा सरकवून पुन्हा कान लावत.

मला हे पटत नव्हतं. पण ऑफिसातून निघाले की बसमध्ये जीव थाऱ्यावर नसायचा. आज आवाज नसला तर? चेतनची मला इतकी आठवण यायची की तो भिंतीत पाना फिरवतोय हेसुद्धा मला चाललं असतं. चाललं असतं काय, तेच हवं होतं.

"अहो, आता तरी ठीक आहे का?" एका संध्याकाळी आईनं विचारलं.

"ठीक आहे असं उगाच म्हणायचं नसतं, हिरा. आमच्या वर्कशॉपची शिस्त होती. जो ठीक आहे म्हणेल, त्यानंच पहिल्या फेरीला गाडीत बसायचं."

"मग मी म्हणते."

"तुला काय कळतं त्यातलं," पप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच स्क्रूड्रायव्हर उशाशी घेऊन झोपले.

रविवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून पप्पांचा आवाज आला, खणखणीत, वर्कशॉपमधला.

"ठीक आहे रे, चेतन. एकदम ठीक आहे."

मी आत आले. ते खुर्चीत होते. मूठ कानाला, डोळे मिटलेले, चेहरा समाधानी. हात अजून गरम होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय.

पाहुणे पांगल्यावर मी भिंत ऐकली. इंजिन एकसुरात चाललं होतं, पण थोडं दबून. रिकाम्या गाडीचा आवाज निराळा, माणूस बसल्यावरचा निराळा. एवढं मलाही कळतं.

मग आई रोज विचारू लागली. "सोनाली, ठीक आहे का गं?"

"थोडी कसर आहे अजून."

कसर कसली? इतकं निर्दोष इंजिन मी कधी ऐकलेलं नाही. त्या दोघांकडे जावंसं मलाही वाटायचं. पण आईशिवाय आता मला कुणी नव्हतं. मी स्क्रूड्रायव्हर कपाटात ठेवून कुलूप लावलं.

काल घरी आले तर आई भिंतीला कान लावून उभी होती.

"आता काही लावावं लागत नाही," ती म्हणाली. "फार जवळ आलंय."

"आई, इकडे ये. चहा टाकते."

पंखा बंद होता. तिच्या कपाळावरचे केस उडत होते.

"मला खोटं सांगत होतीस होय," ती म्हणाली. रागावली नव्हती.

तिनं डोळे मिटले, पप्पा मिटत तसे.

मी धावले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, नुसतं तळहाताला कळलं.