काचेवर राहिलेलं पान

ही गोष्ट खरी आहे. बरंचसं मला माझ्या मैत्रिणीनं, टिल्डा सुंडबीनं सांगितलं, पण शेवटी जे घडलं तेव्हा मी तिथेच होते, तिच्या शेजारच्या टेबलावर.

अमेरिकेतलं मिनिआपोलिस शहर. नोव्हेंबर महिना. बाहेर गुडघाभर बर्फ आणि दुपार सरता सरताच अंधार.

आमच्याकडे दरवर्षी कॉमिक्सची जत्रा भरते. मोठ्या कंपन्यांची नव्हे. स्वतः लिहायचं, स्वतः काढायचं, झेरॉक्स मारून स्वतःच स्टेपल करायचं आणि दिवसभर टेबलामागे बसून राहायचं, अशा वेड्यांची जत्रा. आमची एक रीत आहे. जत्रा आटोपताना टेबलवाले एकमेकांना आपापलं कॉमिक्स देतात. एक दे, एक घे. नाही म्हणायचं नाही. आणि घेतलेलं कधी परत करायचं नाही. परत करणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

कॉर्विन हेस या रीतीला फार जपायचा. टिल्डा आणि तो मिळून एक टेबल घ्यायचे, अर्धं तिचं, अर्धं त्याचं. अदलाबदलीची वेळ झाली की तो स्टेपलर टेबलावर दोनदा आपटायचा.

खट... खट.

"चला रे भिकाऱ्यांनो! एक द्या, एक घ्या!"

बर्फ ढकलणारी गाडी चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट तो दहा वर्षं काढत होता. काय काढायचा! लोक मात्र टेबलापुढून सरळ निघून जायचे. एकदा एकानं थांबून विचारलं, तेही बाथरूम कुठे आहे म्हणून.

मार्चमध्ये कॉर्विन गेला. भाड्याच्या खोलीत, एकटाच. विमा नव्हता, म्हणून डॉक्टरकडे गेलाच नव्हता.

आणि मग त्याचा शोध लागला.

कुणीतरी त्याच्या पानांचे फोटो इंटरनेटवर टाकले. 'वाचलीच पाहिजेत' अशा याद्यांत त्याचं नाव झळकायला लागलं. ज्यांनी त्याला बाथरूम विचारलं असतं, ते आता त्याच्यावर लेख लिहायला लागले. टिल्डा ते वाचायची आणि दात-ओठ खायची.

प्रेस्टन नावाचा एक प्रकाशक तिच्याकडे आला. सगळी गोष्ट एका जाड पुस्तकात छापायची होती. सगळं जमलं होतं... फक्त शेवटचं पान नव्हतं.

"कॉर्विननं ते काढलं होतं," टिल्डा म्हणाली. "फोनवर सांगितलं होतं मला. मूळ पानं घेऊन तो झेरॉक्सला गेला. बाकीची खोलीत सापडली, तेवढं एक नाही."

"दहा वर्षांची गोष्ट आणि शेवट नाही? असं पुस्तक कोण घेईल, टिल्डा? डिसेंबरच्या आत पान आणून दे. नाहीतर सोडून देऊ."

सोडून देऊ म्हणजे कॉर्विन पुन्हा पुसला जाणार. या खेपेला कायमचा.

टिल्डानं सगळीकडे शोधलं. हार्लनच्या झेरॉक्सच्या दुकानातही दोनदा विचारून आली. आमच्यात शेवटचं पान मशीनच्या काचेवर विसरला नाही असा माणूस सापडायचा नाही. पण आठ महिन्यांनी तिथे काय राहणार?

शेवटी तिनं ते स्वतः काढलं.

कॉर्विननं पेन्सिलीनं काढलेल्या कितीतरी पानांवर शाईची रेघ तिनंच फिरवली होती. त्याची रेघ तिच्या बोटांत होती. तिनं त्या बाईला घरी पोचवलं. खिडकीत दिवा लावला. काढताना ती रडली, आणि पान उत्तम झालं आहे हेही तिला कळलं. तिच्या मांजरानं पानाचा खालचा कोपरा तेवढा चावून ठेवला.

त्याच संध्याकाळी ती हार्लनकडे गेली. दुकान रिकामं होतं.

"पुन्हा तू?" हार्लन म्हणाला. "आता मशीन उघडून पोटात शोधणार आहेस का?"

"एक प्रत हवीय फक्त. तुम्ही बसा, मी काढते."

तिनं पान काचेवर ठेवलं. बटण दाबलं.

कागद बाहेर आला... कोरा.

पुन्हा दाबलं.

कोरा.

"शाई आजच भरलीय," हार्लन काउंटरवरून ओरडला. "पान उलटं ठेवलं असशील, मूर्ख मुली!"

पान सुलटंच होतं. तिसऱ्या वेळी प्रत आली. तिनं लगेच फोटो काढून, कॉर्विनचं पान सापडलं म्हणून प्रेस्टनला पाठवला. कोट चढवते न चढवते तोच त्याचा फोन.

"टिल्डा, हे... हेच! मला रडू येतंय!"

त्या आनंदात ती घरी निघाली. बसमध्ये बसल्यावर पिशवी उघडली. प्रत होती. मूळ पान नव्हतं.

काचेवर राहिलं होतं.

ती उतरून धावत मागे आली. हार्लन कुलूप लावत होता.

"तू गेल्यावर मशीनला कुणी हात लावला नाही. मी प्लगसुद्धा काढलाय."

तरी त्यानं दार उघडून दिलं. आत दिवे विझलेले होते. मशीन गप्प होती.

तिनं झाकणाला हात लावला, आणि मागून कुठूनतरी...

खट... खट.

"हार्लन, स्टेपलर वाजवला का तुम्ही?"

"मी दारात उभा आहे. माझ्या हातात किल्ल्या आहेत."

तिनं झाकण उचललं. काच गरम होती.

पान होतं... पण तिचं नव्हतं.

तीच गाडी, तोच बर्फ. गाडीचं दार उघडं. बाई कुठेच नाही. पावलांचे ठसेही नाहीत. रेघ थरथरलेली, जागोजागी तुटलेली. मागे चहाच्या कपाचा गोल डाग, कॉर्विनच्या प्रत्येक पानामागे असायचा तसा.

तिचं पान मशीनमध्ये नव्हतं, खाली नव्हतं, दुकानात कुठेच नव्हतं.

एक दे, एक घे.

टिल्डा घाबरली होती, तरी मनातून सुखावली. कॉर्विननं खरं पान दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते प्रेस्टनपुढे ठेवलं आणि सगळं कबूल केलं. फोटोतलं पान माझं, हे त्याचं.

प्रेस्टननं पान उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं. मग हसला.

"तू दमली आहेस, टिल्डा."

"म्हणजे?"

"हे कुणीतरी केलेली नक्कल आहे. रेघ बघ, थरथरतेय. कॉर्विनची रेघ कशी, सुरीसारखी! फोटोतलं ते खरं. त्याचं श्रेय तुला हवंय, हे मी समजू शकतो, पण..."

"शेवटच्या वर्षी त्याचा हात कापायचा! कप धरता यायचा नाही त्याला!"

"असं कुठेच लिहिलेलं नाही."

कुठे लिहिलेलं असणार? विचारलं होतं कुणी?

पुस्तक टिल्डाच्या शेवटासह निघालं. फोटोवरूनच छापलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. सगळ्यात जास्त कौतुक झालं शेवटच्या पानाचं. एकानं लिहिलं, हे पान काढायला मरणाच्या दारात उभं असावं लागतं.

टिल्डा मला म्हणाली, "ते काढताना मी पिझ्झा खात होते."

पुढच्या नोव्हेंबरात जत्रा भरली. दाराशीच प्रेस्टनचं टेबल, त्यावर पुस्तकांची भिंत आणि पुढे रांग. टिल्डा नेहमीच्या कोपऱ्यात बसली. कॉर्विनच्या अर्ध्या टेबलावर तिनं खरं पान ठेवलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात. शेजारी चिठ्ठी: 'हा खरा शेवट.'

दिवसभर कुणी थांबलं नाही. दुपारी एक जण थांबला, पुस्तक काखेत.

"प्रयत्न चांगला आहे," तो म्हणाला. "पण कॉर्विन तो कॉर्विनच."

मी टिल्डाला कॉफी दिली, ती तिनं तशीच ठेवली.

आवराआवर सुरू झाली. अदलाबदल सुरू झाली. टिल्डा पाठमोरी होऊन खोकी भरत होती. मी माझ्या टेबलावर होते. आमच्या मध्ये ते अर्धं टेबल, आणि तिथे कुणीही नव्हतं.

खट... खट.

मी ऐकलं. अगदी जवळून.

टिल्डा वळली. पाकीट जागच्या जागी होतं. आत पानही होतं.

खिडकीत दिवा. घरी पोचलेली बाई. खाली मांजरानं चावलेला कोपरा.

तिचंच पान. एक वर्षापूर्वी काचेवरून गेलेलं.

त्यानं ते परत केलं होतं. आणि आपलं घेऊन गेला होता.

ती पान हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, "हात लाव." मी लावला. गरम होतं, मशीनमधून आत्ताच निघाल्यासारखं.

"तो असा नव्हता गं," ती म्हणाली. "त्यानं कधी कुणाचं परत केलं नाही."

दाराशी प्रेस्टनची रांग अजून संपली नव्हती.

खऱ्या पानाचा फोटो आम्ही दोघींनीही काढला होता. त्या दिवसापासून दोघींच्या फोनमध्ये त्या जागी नुसता पांढरा चौकोन दिसतो. का, ते मला सांगता येत नाही. टिल्डानं चित्रं काढणं सोडलं. तरी दर नोव्हेंबरात ती पूर्ण टेबलाचं भाडं भरते, अर्ध्यावरच बसते आणि कुणी काही मागितलं तर नाही म्हणते.

मी अजून तिच्या शेजारीच बसते. अदलाबदलीची वेळ आली की माझं कॉमिक्स पिशवीत घालते आणि चेन लावते.

तो आवाज अजून येतो. आम्ही दोघी त्या बाजूला बघत नाही.