मावशीचं नाव कुणी घेतलं?

"माझी बहीण माझ्या पोरावर काहीतरी करणी करते," कुंती म्हणाली. "संध्याकाळच्या बसनं तिला गावी, लॉंग माउंटनला, कायमची पाठवणार आहोत. त्याआधी खात्री करून द्या."

१९८३ साल. बेटावरच्या रोझ हिल शहरातल्या त्या भाड्याच्या घरी खासगी तपासनीस परशुराम आला होता, सोबत मित्र तुलसीराम. तुलसीरामनं तेवढ्यात मनातल्या मनात बहिणीला तुरुंगात टाकलंसुद्धा! त्याचं डोकं नेहमी असंच घाईत.

बहीण बसंती बॅग भरून व्हरांड्यात बसली होती. रडून रडून डोळे सुजले होते.

"पुरावा काय?" परशुरामनं विचारलं.

"सासूबाईंनी स्वतः ऐकलंय."

सासूबाई विद्यावती. त्यांना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागला. "एअर कंडिशनर बघायला मिस्त्री आला होता. जाताना दारातून ओरडला, 'मावशी पे रान झांफां मालाद!' मावशी पोराला आजारी पाडतेय! परक्यालासुद्धा कळलं बघा."

"मिस्त्रीला मराठी येतं?"

"छे! एक अक्षर नाही. नुसतं इथलं क्रेओल बोलतो."

"पोराच्या, देवानंदच्या उशीवर रोज काळी पूड सापडते," कुंती म्हणाली. "आणि सिक्लोनच्या वादळात लाईट गेले, बसंती गावी अडकली, तेव्हा त्याचा खोकला पार थांबला."

"ती येईपर्यंत?"

"नाही... गुरुवारी लाईट आले, त्या रात्री पुन्हा सुरू झाला. ती रविवारी आली."

"जाण्याआधीच करून ठेवलं असणार!" तुलसीराम म्हणाला.

"तू जरा गप्प बस, बाबा. स्टूल आण."

परशुरामनं सगळ्यांना देवानंदच्या पलंगापाशी बोलावलं. स्टुलावर चढून त्यानं एअर कंडिशनरची पुढची जाळी काढली. आत सगळं काळंकुट्ट. कुबट वासाचा भपकारा आला आणि काळी पूड थेट उशीवर पडली.

"ही तुमची करणी. लाईट गेले, यंत्र बंद, पोरगा बरा. लाईट आले, यंत्र सुरू, खोकला सुरू. बसंती तेव्हा गावीच होती."

"पण मिस्त्री मावशी म्हणाला ना?" तुलसीराम अजून तिथंच.

"मराठी न येणारा माणूस मावशी कशाला म्हणेल? तो म्हणाला, म्वाझी. क्रेओलमध्ये म्वाझी म्हणजे बुरशी! आजींनी मावशी ऐकलं. यंत्राची पाणी जाणारी नळी तुंबलीय, म्हणून ती वाढली. घरमालकाला साफ करायला लावा, तोवर यंत्र बंद ठेवा."

विद्यावती बसंतीजवळ गेल्या. "बसंती, चुकले गं मी."

"तुम्हाला ऐकू कमी येतं, आजी. तुमच्यावर राग नाही." बसंती बहिणीकडे वळली. "पण कुंती, तू मला एकदा विचारलंसुद्धा नाहीस."

कुंतीनं तिचा हात धरला. बसंतीनं तो हळूच सोडवला आणि व्हरांड्यात जाऊन बॅग उचलली. बसला अजून अर्धा तास होता.