टप्प्यात कोणीही नव्हते

आमच्या वर्कशॉपच्या बाथरूममध्ये चार नळ आहेत. खाली हात धरला की पाणी येतं, काढला की बंद. त्या सोमवारी मी ग्रीसने बरबटलेले हात पहिल्या नळाखाली धरले आणि पाणी आलं नाही. दुसऱ्याखाली धरले, तिसऱ्याखाली धरले. चौथ्यापर्यंत माझं डोकं फिरलं होतं. नळाच्या सेन्सरवर साबण वाळून पापुद्रा धरतो, तो पुसायचा असतो, पण इथे कोणाला कशाची पडलेली नाही, असं बडबडत मी चारही नळ फडक्याने पुसून काढले. तरी पाणी नाही. तेवढ्यात पेंटर आला. त्याने हात पुढे केले आणि पहिल्याच नळाला धो धो पाणी आलं.

"नळसुद्धा ओळख दाखवत नाही म्हणजे कमाल झाली," तो म्हणाला.

पेंटरशी मी बोलत नव्हतो. त्याच्या नळाखाली हात घातले, धुतले आणि बाहेर पडलो.

आमच्या मालकाच्या, म्हणजे साहेबांच्या, एकवीस बस आहेत. कारखान्यांतल्या कामगारांना आणायचं आणि सोडायचं, एवढंच त्यांचं काम. त्या बसच्या सेन्सरचं सगळं माझ्याकडे असतं, म्हणून मला सगळे डॉक्टर म्हणतात. प्रत्येक बसच्या मागच्या बंपरमध्ये कोटाच्या बटणाएवढे चार सेन्सर एका ओळीत असतात. रिव्हर्स टाकला की मागे काय आहे आणि किती लांब आहे ते ड्रायव्हरला पडद्यावर दिसतं, आणि अंतर चाळीस सेंटिमीटर उरलं की गाडी स्वतःहून ब्रेक लावते. शेवटची चाचणी मी स्वतःच्या अंगावर घेतो. बसच्या मागे उभं राहायचं, ड्रायव्हरला हात करायचा आणि गाडी थांबते का बघायचं. बादली ठेवूनही ही चाचणी होते. पण बादलीला भीती नसते, म्हणून तिच्यावर माझा विश्वास नाही.

आवारात झाडलोट करणारी मावशी हे सगळं झाडू टेकवून बघायची. "पोटच्या पोरीवर एवढा भरवसा ठेवत नाही मी," म्हणायची.

नळाच्या आधीच्या शनिवारी, सकाळी साडेदहाला, मावशी रिव्हर्स येणाऱ्या सात नंबरच्या बसखाली मेली. देवाघरी गेली वगैरे मी म्हणणार नाही. देवाचा त्यात काही संबंध नव्हता.

झालं होतं असं. साहेबांनी सहा बसना नवा रंग द्यायला काढला. रंग देताना सेन्सरवर चिकटपट्टी लावायची असते, हे पेंटरला मी शंभरदा सांगितलं होतं. जाड रंग बसला की सेन्सर बहिरा होतो. या शहाण्याने पट्टी तर लावली नाहीच, वर बंपर एकसारखा दिसावा म्हणून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला. साहेब खूश झाले. "आता कसं, नव्या गाडीसारखं," म्हणाले. मी सात नंबरच्या बसला रिव्हर्स टाकायला लावला आणि सेन्सरवर बोट ठेवलं. चांगला सेन्सर बोटाखाली टिकटिकतो, अगदी बारीक. चारांपैकी तीन गप्प होते.

मी पेंटरला पंधरा मिनिटं झापलं. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि मग गाडी शनिवारी रस्त्यावर हवीच आहे असं साहेब म्हणाले, म्हणून सोमवारी खरवडू असं मनाशी ठरवून मी तंदुरुस्तीच्या फॉर्मवर सही केली. माझी आरडाओरड नेहमी अशीच असते. आवाज मोठा, आणि सही लगेच.

शनिवारी दुपारपर्यंत साहेबांनी सात नंबरचा रंग खरवडून घेतला, नवे सेन्सर बसवून घेतले आणि मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. "सेन्सर चालू होते. अपघाताच्या वेळी त्यांच्या टप्प्यात कोणीही नव्हते. कर्मचारी अचानक बाजूने चाकाखाली आली." खोटं लिहिताना माझं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

सोमवारी नळ. मंगळवारी हजेरीच्या मशीनसमोर उभा राहिलो तर पडद्यावर माझ्या मागची भिंत दिसत होती, कॅलेंडरसकट, आणि खाली "कृपया समोर उभे राहा" असं येत होतं. मी भिंगावर फुंकर मारली, पुसलं, मशीन बंद करून चालू केलं. मागच्या माणसाची हजेरी लागली, त्याच्या मागच्याचीही. माझी वहीत घ्यावी लागली. संध्याकाळी औषधाच्या दुकानाचं सरकतं दार उघडेना. एक बाई आल्या, दार उघडलं, मी त्यांच्या मागून आत गेलो. फोन कानाला लावला की पडदा बंद होतो ना, तोही बंद होईना. गालाने बटणं दाबली जाऊन फोन कापला जात होता.

घरी बायकोला सांगितलं तर ती हसली. "मला दिसताय, तेवढं पुरे नाही का? उलट मशीनना नसाल दिसत तर बरंच आहे, तुमची बोलणी तरी खावी लागणार नाहीत त्यांना."

मी हसलो नाही. ताट तसंच सरकवून उठलो. तिच्यावर राग काढण्यासारखं काही नव्हतं, तरी काढला.

मी अंधश्रद्धाळू माणूस नाही. बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सात नंबरची बस मैदानात काढायला लावली. ड्रायव्हरला सांगितलं, अगदी हळू घे. आधी बादली ठेवली. बस बादलीपासून चाळीस सेंटिमीटरवर थांबली. बादली काढून मी उभा राहिलो. बस आली, आणि येतच राहिली. मी बाजूला उडी मारली तेव्हा बंपर माझ्या गुडघ्याला घासून गेला. मग बादली छातीशी धरून उभा राहिलो. बस थांबली. बादली खाली टाकून उभा राहिलो. पुन्हा उडी मारावी लागली.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "डॉक्टर, पडद्यावर काहीच नव्हतं. मोकळं मैदान."

"सेन्सर खराब असेल."

"बादली दिसते की."

मी बंपरला लाथ घातली. माझं वजन बहात्तर किलो आहे. रिकाम्या बादलीचं किती असेल?

गुरुवारी मावशीची मुलगी आली. तिशीची असेल. ती आरडाओरडा करेल अशी माझी तयारी होती, तसे शब्दही मी जुळवून ठेवले होते. माझ्या रिपोर्टची प्रत पुढे धरून ती हळू आवाजात बोलली.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"टप्प्यात कोणीही नव्हते म्हणजे काय? माझी आई तिथे नव्हती?"

"म्हणजे बाजूने आल्या त्या. अचानक."

"मी लॅबमध्ये रक्त तपासते," ती म्हणाली. "रिपोर्टवर माझी सही असते. न तपासता मी आजवर एकही सही केलेली नाही. तुम्हीही तपासूनच केली असेल ना?"

समोरचा खरं बोलत असला की मला जास्त राग येतो. मी म्हणालो, उद्या चौकशी अधिकारी येणार आहेत, त्यांना विचारा. ती म्हणाली, "त्यांनी तुमचा कागद धरला तर आई स्वतःच्या चुकीने मेली असं कायमचं लिहिलं जाईल. तेवढं होऊ देऊ नका." आणि गेली. एक शिवी जरी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं.

मी साहेबांकडे गेलो. रिपोर्ट परत द्या म्हणालो. साहेबांनी फाइलमधून मान वर केली नाही.

"रंग खरवडला, सेन्सर नवे आहेत. आता तू खरं बोललास तरी दाखवायला काय आहे तुझ्याकडे? आणि फॉर्मवर सही कोणाची आहे?"

मी बाहेर आलो, आणि जिन्यावरच मला युक्ती सुचली. भेकड माणसाला असल्या युक्त्या बरोबर सुचतात. अधिकाऱ्यासमोर चाचणी होणारच होती. बसमागे मीच उभा राहायचं. बस थांबणार नाही, मी उडी मारणार, आणि सेन्सर निकामी आहे हे अधिकारी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. मावशीवरचा ठपका जाईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

शुक्रवारी अकराला लख्ख ऊन होतं. चौकशी अधिकारी टेप आणि पॅड घेऊन आले होते. मुलगी भिंतीच्या सावलीत उभी होती. साहेबांनी बादली मागवली.

"बादली कशाला?" मी म्हणालो. "मी उभा राहतो."

ड्रायव्हर माझ्याजवळ आला. "डॉक्टर, नका," एवढंच म्हणाला. मी त्याला गाडीत बसायला लावलं.

मी बसपासून दहा मीटरवर उभा राहिलो आणि हात केला.

बस मागे येऊ लागली. आवाज नाही. रिव्हर्समध्ये काही दिसलं की बीप वाजतो, तो नाही. बंपरमधली चारही बटणं मला स्पष्ट दिसत होती.

सहा मीटर. शांत.

पाच मीटर. एक मीटर उरला की उडी, असं मी ठरवलं होतं. डावा पाय मोकळा केला.

चार मीटर.

बीप.

मला वाटलं कान वाजले. पण बीप पुन्हा झाला, मग भराभर होऊ लागला, मग एकच लांब सूर लागला. ब्रेकचा फुस्स आवाज आला आणि बस थांबली.

माझ्यापासून खूप लांब थांबली.

अधिकाऱ्यांनी टेप लावली. माझ्या बुटापासून बंपरपर्यंत दोन मीटर साठ. त्यांनी ड्रायव्हरला पडद्यावरचा आकडा विचारला.

"चाळीस सेंटिमीटर," ड्रायव्हर म्हणाला.

"जरा जास्तच तिखट आहे तुमचा सेन्सर," अधिकारी म्हणाले. "पण थांबतो. चांगलंच आहे." त्यांनी पॅडवर लिहिलं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना केबिनमध्ये चहाला नेलं. ड्रायव्हर हँडब्रेक ओढून बस तशीच रिव्हर्समध्ये चालू सोडून उतरला आणि फाटकाकडे निघून गेला. मुलगी जागची हलली नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या आणि बसच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

मी त्या जागेत गेलो, हात फिरवले. ऊन आणि धूळ, बाकी काही नाही. मला संताप आला. मावशीवर आला, खरं सांगतो. तिच्यावरचा ठपका धुऊन निघायला दोन मीटर उरले होते, आणि गाडी थांबली ती तिच्यामुळेच असं माझ्या डोक्यात बसलं होतं. माझ्यासारख्या नालायकाला वाचवायला कोणी सांगितलं होतं तिला?

मी बसमध्ये चढलो आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. दार बंद करायचं बटण दाबलं. मला फक्त एकटं बसायचं होतं. पडद्यावर चाळीस होते.

मग साठ झाले.

नव्वद. खूण उजव्या सेन्सरवरून डावीकडे सरकली, एकेक करत, म्हाताऱ्या पावलांच्या वेगाने. मग पडदा कोरा झाला.

दाराजवळ डाव्या अंगालाही एक सेन्सर असतो, तो एकदा वाजला.

दार अर्धं मिटलं होतं, ते परत उघडलं. पायरीवर कोणी असलं की दार मिटत नाही. पायरीचा दिवा लागला आणि विझला.

समोरच्या पॅनेलवर लाल खूण पेटली. टुंग, टुंग, टुंग. शेजारच्या सीटवर माणूस आहे, पट्टा लावलेला नाही.

मी तिकडे मान वळवली नाही. खिशातलं फॉर्मचं पुस्तक काढलं आणि स्टिअरिंगवर ठेवून लिहिलं. तीन सेन्सर रंगाखाली बंद होते. मला माहीत होतं. तरी मी गाडी पास केली. मावशी टप्प्यात होती. या वेळी अक्षर इतकं वाईट आलं की सही दोनदा करावी लागली.

खाली उतरून कागद मुलीच्या हातात दिला. तिने उभ्या उभ्या वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. "आता तुमचं काय होईल?" तिने विचारलं.

"जे व्हायचं ते होईल."

ती कागद घेऊन केबिनकडे चालू लागली. तिने दार लोटलं, आतलं बोलणं थांबलं आणि साहेबांची खुर्ची करकरली. तेवढ्या शांततेत मला बसमधून आवाज आला. टुंग, टुंग. अजून चालूच होतं.

मी परत चढलो. इंजिन बंद करावं म्हणून किल्लीला हात लावला, पण फिरवली नाही. वाकून शेजारच्या सीटचा पट्टा धरला आणि हळूच ओढून खटक्यात बसवला. आवाज थांबला.

पट्टा रिकाम्या सीटला टेकला नाही. वीतभर वर ताणलेला राहिला, आणि सावकाश खालीवर होत होता.