टेंभूरझरीच्या चढावरचा डबलसीट

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर गुणवंतरावांना साखर निघाली आणि डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. एकतीस वर्षं टेबलामागे बसलेल्या माणसाला एकदम चालायला सांगणं हा अन्यायच होता. बसल्या बसल्या करता येण्याजोगा व्यायाम एकच, म्हणून त्यांनी सायकल घेतली. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, नऊ किलो वजनाची. तिला मडगार्ड नव्हतं, घंटी नव्हती, स्टँड नव्हता, कॅरियर नव्हतं. जे नाही त्याची यादी वाचूनच दुकानदारानं ती विकली होती.

गडचिरोलीच्या सायकल मंडळात कागदाला न घाबरणारे तेवढे एकटेच, त्यामुळे डिसेंबरातल्या रविवारच्या शंभर किलोमीटरच्या फेरीचा रस्ता ठरवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. चाळीस सायकलस्वार येणार होते आणि सगळ्यांच्या पुढे त्यांची मुलगी साधना असणार होती. ती जिल्ह्याच्या ठिकाणीच एका दवाखान्यात नर्स होती. रस्ते दोन होते. एक हायवे, ज्यावर ट्रकांची ये-जा थांबतच नाही. मंडळाचा एक जण गेल्या वर्षी तिथं कंबर मोडून घेऊन आला होता. दुसरा वैनगंगेच्या खोऱ्यातून, टेकड्यांवरून जाणारा, रिकामा आणि देखणा.

"काका, नदीचाच घ्या," मंडळाचा सेक्रेटरी सुनील फोनवर म्हणाला. "पन टेंभूरझरीचा चढ एकदा पाहून घ्या. लोक काईबाई सांगतेत."

"काय सांगतात?"

"ते तुमीच विचारा. मले हसू येते."

म्हणून गुरुवारी सकाळी गुणवंतराव निघाले. धान कापून झालं होतं, शेताच्या बांध्यांमधून पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते. रस्ता एका टेकडीवर चढायचा, दुसरीकडे घसरायचा, आणि दर उताराला उजव्या हाताला नदी थोडी थोडी दिसायची. बेचाळीस किलोमीटरमध्ये त्यांना एक एसटी, दोन बैलबंड्या आणि एक मुंगूस एवढीच वाहतूक लागली. त्यांनी तशी वहीत नोंद केली.

चढाच्या पायथ्याशी रुखमाबाईची चहाची टपरी होती. टपरीच्या खांबाशी पळसाच्या डहाळ्यांचा ढीग होता. चहा घेता घेता गुणवंतरावांनी पाहिलं, की जो सायकलवाला चढाकडे निघे, तो उतरून एक डहाळी उचले, कॅरियरच्या चापात अडकवे आणि मगच पुढे जाई.

"हे कशाला, बाई?"

"जागा धराले."

"कोणासाठी?"

"कोनासाठी नाई. कोनी बसू नये म्हनून."

बाकावर बशीत चहा ओतून बसलेला झाडू नावाचा म्हातारा हसला. "एसटीत तुमी रुमाल टाकता का नाई, भाऊ? तसंच हाय हे."

"पण बसतं कोण?"

"पाह्यलं कोनी? चढ लागला का बसते, वर पोचला का उतरते. माह्या आज्याच्या सायकलवरही बसे. करत काईच नाई. थकला हाय बिचारा."

गुणवंतरावांना गंमत वाटली. दुसऱ्याच्या पायांवर वर चढणारे त्यांनी खात्यात पुष्कळ पाहिले होते. वर पोचल्यावर त्यांतला एकही उतरला नव्हता. त्या मानानं हे भूत सज्जन होतं.

रुखमाबाईनं त्यांच्यापुढे डहाळी धरली. त्यांनी आपल्या सायकलकडे बोट दाखवलं. "हिला कॅरियरच नाही. बसायला जागाच नाही, तर धरायची कशाला?"

रुखमाबाईचा हात तसाच राहिला. झाडूनं बशी खाली ठेवली, सायकलकडे पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"मंग तो बसन कुठी?" तो हळूच म्हणाला.

गुणवंतराव चहाचे पैसे ठेवून सायकलवर बसले.

चढ दोन किलोमीटरचा होता. दोन्ही बाजूंना साग, त्याची वाळकी पानं रस्त्यावर. पहिल्या वळणापर्यंत वेगाचं मीटर अकरा दाखवत होतं. वळणानंतर नऊ झालं, मग सात. चढ तेवढाच होता. गुणवंतरावांनी गियर हलका केला, आणखी हलका केला, शेवटी गियर संपले. पानांचा आवाज थांबला होता. ऊन होतं, पण पाठीवर लागत नव्हतं. नाकाला वास आला तो ओल्या गाळाचा, नदी आटल्यावर येतो तसा. नदी तर खाली, पाऊण कोस दूर होती.

मीटर चारवर आलं तसे ते उतरले. ब्रेक घासत असेल, असा त्यांचा पहिला अंदाज. त्यांनी मागचं चाक उचलून फिरवलं. ते छान, मोकळं फिरलं. मग त्यांनी एका हातानं अख्खी सायकलच उचलली.

सायकल नऊ किलोचीच होती.

जड होते ते स्वतः. गुडघे वाकत होते. दोन्ही खांद्यांवर, मानेच्या दोन बाजूंना, काहीतरी टेकलेलं होतं. जत्रेत पोराला खांद्यावर घ्यावं तसं, पण ते पोर नव्हतं. आणि डाव्या कानापाशी कोणीतरी दमल्यासारखा श्वास घेत होतं…

भीतीपेक्षा त्यांना कुतूहल जास्त वाटलं, ही गोष्ट नंतर त्यांना स्वतःलाच विचित्र वाटली. "कुठं उतरायचंय?" त्यांनी विचारलं.

श्वास थांबला. विचार करत असल्यासारखा. मग पुन्हा सुरू झाला.

ते सायकल हातात धरून चालत वर गेले. माथ्यावर वाळक्या डहाळ्यांचा मोठा ढीग होता. वर आलेला जो तो आपली डहाळी इथं टाकून जात असे. पलीकडे रस्ता सरळ नदीकडे उतरत होता. गुणवंतराव सायकलवर बसले, पाय सोडले, आणि पिसासारखे खाली गेले. उतरला बुवा, असं म्हणून त्यांनी शीळही घातली.

संध्याकाळी साधना म्हणाली, "बाबा, तुमाले खरंच वाटलं का, कोनी बसलं म्हनून?"

"वाटलं असं लिहिता येत नाही. वजन वाढलं, इतकंच लिहिता येईल."

"मंग दुसरा रस्ता लिहा ना."

"ट्रकांमधून पाठवू तुला? ट्रक अंगावर आला तर माणूस उठत नाही. हा नुसता बसतो, आणि डहाळी असली की तेही नाही." खांदे चोळत त्यांनी कागदावर नदीचा रस्ता लिहिला आणि खाली सूचना घातली: टपरीवर प्रत्येकानं पाठीच्या खिशात एक डहाळी खोचावी, माथ्यावर टाकावी.

रविवारी चाळीसही जणांनी डहाळ्या खोचल्या, फोटो काढले, हसत हसत चढले. गुणवंतरावांनीही खोचली. माथ्यावर त्यांनी डोकी मोजली, प्रत्येकाला विचारलं. कोणालाच काही झालं नव्हतं. डहाळ्या ढिगावर पडल्या. पुढच्या गावाला वळसा घालून दुपारी सगळे त्याच रस्त्यानं परतले. टपरीपाशी झाडू उभा होता. आज तो हसत नव्हता.

"भाऊ, गुरवारपासून कोनीच बसून नाई राह्यलं. काल मी मुद्दाम बिनाडहाळीचा गेलो. दोनदा गेलो. सायकल अशी हलकी का जशी नवीन."

"मग चांगलंच झालं की."

"झालं ना. पन तुमी त्याले उतरवलं कुठी?"

गुणवंतरावांनी वळून माथ्याकडे पाहिलं. माथ्यावर हलकं वाटलं होतं, हे खरं. पण माथ्यापासून उतार लागत होता, आणि उतारावर कोणाला कसलं वजन कळतं? गुरुवारपासून खांदे दुखत होते. बासष्टाव्या वर्षी दुखायचेच, म्हणून त्यांनी तीन रात्री मलम चोळलं होतं.

"बाबा, चला! सगळे पुढं गेले," साधनानं हाक मारली.

शेवटचे पंधरा किलोमीटर सपाट, नदीकाठानं, आणि समोरून वारा. रस्त्यावर दोघंच होती. गुणवंतराव पुढे, साधना त्यांच्या चाकाला चाक लावून मागे, कारण पुढचा माणूस वारा अडवतो आणि मागच्याला कमी कष्ट पडतात.

"बाबा," मागून साधना खुशीत म्हणाली, "तुमच्या मागं वाराच नाई लागून राह्यला. इतकुसे तर तुमी. जशी भिंतच हाय समोर!"

गुणवंतरावांचं वजन चोपन्न किलो होतं.

"तू पुढं हो," ते म्हणाले.

"काऊन? मले बरं वाटून राह्यलं इथी."

"पुढं हो म्हणतो ना. माझ्या मागं राहू नको."

"आता का झालं तुमाले?" ती कुरकुरली, पण डावीकडून निघाली. क्षणभर तिचा खांदा त्यांच्या खांद्याजवळून गेला, अगदी घासून, आणि ती पुढे झाली.

गुणवंतरावांची मान सुटली. खांदे हलके झाले. गुरुवारनंतर पहिल्यांदाच त्यांना छाती भरून श्वास घेता आला, आणि तो घेताना किती बरं वाटलं, याची त्यांना लाज वाटायची अजून बाकी होती.

पुढे रस्ता सपाट होता. वाराही पडला होता. साधनाच्या सायकलचा गियर खट्कन हलका झाला. थोड्या वेळानं तिनं आणखी एक हलका केला.