पातूरच्या घाटात बंद केलेलं इंजिन

आधीच सांगून ठेवते. मी शाळेत मराठी शिकवते. भुताखेतांच्या गप्पा हाणणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करते. तेव्हा "मॅडम, किती रंगवून सांगता" असलं काही कुणी खाली लिहू नका. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, माझी काही हरकत नाही.

मी त्या गाडीत बसलेली होते. हे सगळं माझ्यासमोर घडलंय.

आणि माझा भाऊ ते अजून भोगतोय.

२०१५ चा नोव्हेंबर, गुरुवार. जागा पातूरचा घाट. दिवस नुकताच मावळला होता, पण रस्ता अजून दिसत होता.

माझं नाव नगमा. अकोल्यात जठारपेठेत आमचं घर आहे. अब्बा, म्हणजे गुलाम नबी, यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. माझा लहान भाऊ अफनान तेच काम करतो. गाडी दुकानात शिरायच्या आधी, नुसत्या आवाजावरून तिचा बिघाड सांगायचा हा पोरगा. डोळे मिटून सांगायचा, वर ऐट मारायचा. घरात आम्ही उर्दू बोलतो, पण लिहिते मी मराठीतच, तेच माझ्या हाताला बसलंय.

त्या साली आमच्याकडे सोयाबीन उभ्या जागी वाळलं होतं. खेड्यापाड्यांतून दुरुस्तीला येणारे ट्रॅक्टर, मोटारसायकली जवळपास बंद झाल्या होत्या. अफनान दुकानात बसून कंटाळून गेला होता.

अशात विपुल आला.

विपुल हा अफनानचा कॉलेजातला दोस्त. शेंदूरजनाघाटला त्याच्या वडिलांचा संत्र्यांचा व्यापार. त्याने मुंबईहून एक जुनी हायब्रीड गाडी आणली होती. पेट्रोलचं इंजिनही आणि बॅटरीवरची मोटारही. त्याला तिच्यात एक बटण हवं होतं. ते दाबलं की इंजिन बंद, आणि गाडी नुसत्या बॅटरीवर चालणार. बाहेरच्या देशांत त्याच गाडीला ते बटण असतं. आपल्याकडच्या गाडीत त्या जागी नुसतं झाकण लावलेलं.

"आतून सगळी सोय हाय, फक्त एक तार ओढाची हाय," अफनान म्हणाला. किती दिवसांनी त्याचा चेहरा फुललेला पाहिला मी!

अब्बांना ते पटलं नाही. "गाडीनं आवाज करावा बेटा," एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

अफनानने बटण बसवलं. सपाट रस्त्यावर ते नीट चाललं. आता उतारावर पाहायचं होतं, कारण उतारावर बॅटरी आपोआप भरत जाते. माझी शाळा घाटापलीकडच्या गावात. तेव्हा दोघं म्हणाले, आपाला, म्हणजे मला, शाळेतून घेऊन येऊ, येताना घाटात तपासू.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी.

मी रोज काळीपिवळीने जायची. आमचा ड्रायव्हर धर्मपाल. आमच्याकडचे ड्रायव्हर उतार लागला की इंजिन बंद करतात आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देतात. तेवढंच डिझेल वाचतं. धर्मपालही तेच करायचा. पण घाटात वडाच्या वळणाआधी तो न चुकता चावी फिरवायचा. इंजिन चालू करून जोरात रेस द्यायचा आणि मगच वळायचा. ट्रकवालेसुद्धा तिथे इंजिन चालू करायचे.

मी एकदा विचारलं, "काहून करता हो असं?"

"असते तसंच, मॅडम," तो म्हणाला आणि बाहेर थुंकला.

मला वाटलं, वळण अवघड आहे म्हणून करत असतील.

तर त्या संध्याकाळी अफनान गाडी चालवत होता. विपुल त्याच्या शेजारी, मी मागे. उतार सुरू झाला तसं अफनान म्हणाला, "आपा, आता पाह्य मजा."

त्याने बटण दाबलं.

इंजिनाची घरघर थांबली. पडद्यावर छोटी हिरवी खूण आली. गाडी मात्र चालतच होती.

"एक नंबर!" विपुलने टाळी वाजवली.

मी म्हटलं, "हे पाहा, वडाच्या वळणाआधी ते इंजिन चालू करा. इथले सगळे करतात."

विपुल मागे वळून हसला. "ताई, गाडी चालूच हाय ना. लाइट चालू, ब्रेक चालू, सारं चालू हाय. तुमी शिक्षक असून असं मानता?"

"मी मानत नाही. पण चालू करायला तुझं काय जातं?"

"आपा, बटण तपासाले तर आलो आपण," अफनान म्हणाला.

मी चिडले. खिडकीची काच खाली करून बाहेर पाहत बसले.

बाहेर एवढी शांतता मी त्या घाटात कधी ऐकली नव्हती. टायरांचा बारीक आवाज. एखादं पाखरू. बस.

आणि मग...

चटक... चटक... चटक...

चपला. कुणीतरी चालत होतं.

मला आधी वाटलं, रस्त्याच्या कडेने कुणी असेल. पण गाडी पुढे गेली तरी आवाज मागे पडेना. गाडी चांगली वेगात होती, आणि चपला मात्र आरामात वाजत होत्या. माणूस शेतावरून घरी निघाल्यासारखा. अगदी माझ्या खिडकीशी.

मी बाहेर डोकावले... कुणीच नव्हतं.

"अफनान, ऐकतोस का?"

त्याची मान ताठ झाली होती. त्यालाही ऐकू येत होतं.

तेवढ्यात वळण आलं.

आणि रस्त्याच्या मधोमध एक बाई.

आमच्याकडे पाठ. डोक्यावर लाकडांची मोळी. नऊवारीचा काष्टा मारलेला. ती उतारावरून पुढे पुढे चालत होती. मागे गाडी आहे याचा तिला पत्ताच नव्हता.

अफनानने हॉर्न दाबला. हॉर्न मोठ्याने वाजला. घाटात घुमला.

तिने हूं की चूं केलं नाही. नुसतं एक हात वर करून मोळी सावरली, आणि मधूनच चालत राहिली.

"ब्रेक मार! अबे ब्रेक मार!" विपुल ओरडला.

अफनानने ब्रेक मारला. गाडी घसरत गेली. मी डोळे मिटून घेतले. या अल्लाह, या अल्लाह, एवढंच तोंडातून निघत होतं.

आता धडक बसेल...

आता...

काहीच झालं नाही.

धक्का नाही. आवाज नाही. गाडी पुढे जाऊन थांबली. मी डोळे उघडले, तर अफनान दोन्ही हातांनी आपले कान दाबून बसला होता.

विपुल धावत खाली उतरला. मीही उतरले. आम्ही गाडीखाली पाहिलं, मागे पाहिलं, दरीच्या बाजूला वाकून पाहिलं. बाई नाही, मोळी नाही. रस्त्यावर मोळीतली एक काटकीसुद्धा पडलेली नव्हती.

"चला इथून," मी म्हटलं. "इंजिन चालू करा आणि चला."

विपुलने आत हात घालून ते बटण परत दाबलं. इंजिन चालू झालं. बॉनेट थरथरू लागलं, घरघर सुरू झाली. तो आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला.

अफनान स्टिअरिंग धरून तसाच बसलेला.

"चल ना बाबा, काय पाहत बसलास?"

तो माझ्याकडे वळला.

"आपा, कावून सुरू नाही होऊन राहिली गाडी?"

"सुरू आहे की."

"नाही ना. ऐक..."

मी ऐकलं. इंजिन चालू होतं. विपुल माझ्या तोंडाकडे पाहायला लागला. अफनानने खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला. हाताला थरथर लागली तशी त्याने तो विस्तवावर पडल्यासारखा मागे ओढला.

माझं काळीज तिथेच फाटलं.

गाडी विपुलने आणली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्रावर तपासलं. कान उत्तम आहेत, म्हणाले. आणि खरंच आहेत. अफनानला अजान ऐकू येते. स्वयंपाकघरात अम्मीने हळूच म्हटलेलं ऐकू येतं. गाडीचा हॉर्नही ऐकू येतो, पण लांबून कुठून तरी आल्यासारखा वाटतो, म्हणतो.

ऐकू येत नाही ते फक्त इंजिन. स्कूटर असो, बस असो, ट्रक असो. त्याच्यासाठी रस्ता कायम रिकामा असतो.

विचार करा. अकोल्यातला रस्ता. आणि माझा एकुलता एक भाऊ.

मी धर्मपालला गाठलं. या वेळी त्याला "असते तसंच" म्हणू दिलं नाही. काळीपिवळीसमोर आडवी उभी राहिले. तेव्हा त्याने तोंड उघडलं.

"लीलाबाई होती ते. मोळी इकाची पातूरले. एका जीपवाल्यानं इंजिन बंद करून गाडी सोडली होती घाटात. त्यानं हॉर्न मारला म्हणे. पण मांगं इंजिनचा आवाज नाही, त तिले वाटलं, गाडी दूर हाय. मधातूनच चालत राहिली बिचारी." त्याने कानाच्या पाळीला हात लावला. "तवापासून आमी आवाज करतो, मॅडम. आवाज आला का थे बाजूले होते."

"आणि नाही केला तर?"

"थे गेल्यावर तुमच्याआंधी कोणी बंद गाडी नेलीच नाही."

अब्बांनी ऐकलं आणि त्याच दिवशी गाडीतलं बटण तारेसकट उपटून काढलं. दिवसाउजेडी आमची जुनी जीप काढून, मला सोबत घेऊन ते घाटात गेले. वडाखाली थांबून त्यांनी इंजिनाला रेस दिली. देतच राहिले. मग हात जोडून म्हणाले, "बाई, पोरगं हाय, चुकलं. सोड त्याले." अब्बांना असं मराठीत रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

काही फरक पडला नाही.

विपुल अजून येतो. संत्री घेऊन येतो, अफनानजवळ बसतो, डोळ्यांत पाणी आणतो. ती गाडी त्याने परत कधी चालवली नाही.

अफनान काम करतो. आता बॉनेटवर तळहात ठेवून बिघाड शोधतो. हसतो, थट्टा करतो. एकटं बाहेर जाऊ देत नाही म्हणून माझ्याशी भांडतो. मला वाटायला लागलं होतं, निभावेल. जन्मभर मी हात धरून चालेन, पण निभावेल.

मागच्या आठवड्यापर्यंत असंच वाटत होतं.

मी दुकानाच्या पायरीवर होते. अफनान समोर चहा सांगायला निघाला, मी चप्पल घालेपर्यंतही थांबला नाही. अर्धा रस्ता ओलांडला...

आणि मधोमध उभा राहिला.

मान जराशी तिरपी करून. शेजारी कुणी बोलत असेल आणि आपण ऐकत असू, तशी.

मागून सिमेंटचा ट्रक येत होता. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून होता.

मी किंचाळले. "अफनान!"

माझा आवाज त्याला गेला. तो उडी मारून बाजूला झाला आणि ट्रक त्याच्या सदऱ्याला घासून निघून गेला.

मी त्याला ओढत आत आणलं. एक थोबाडीत दिली. मग मिठी मारून रडले. "मेल्या, कशाला उभा राहिलास तिथे?"

तो घाबरलेला नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटली. तो गोंधळून माझ्याकडे पाहत होता.

"आपा, मी मांगं पाहणारच होतो," तो म्हणाला. "पण जवळून एक बाई बोलली. एकदम प्रेमानं बोलली..."

"काय बोलली?"

"चाल बाप्पा, मांगून काईच नाही येऊन राहिलं."